गांधीलमाशी दिसली की लगेच पलिता पेटवू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या शेतीच्या पानावर मावा, तुडतुडे, लष्करी अळी, भुरी, डाऊनी सगळ्यावर लिहून येतं पण गांधीलमाशीवर कधी चार ओळी आलेल्या मला तरी आठवत नाहीत, आणि आमच्या तासगाव भागात परसबाग म्हणू नका, शेडनेट म्हणू नका, पॉलीहाऊसच्या पायपाखाली तर हमखास तिची पोळी लटकलेली असतात. मग माणसं काय करतात, एक तर काठीला फडकं गुंडाळून रॉकेलचा पलिता, नाहीतर दुकानात जाऊन जे सगळ्यात जहाल मिळेल ते. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कात्री लावायची तर लावा.

आधी हे बघा की आहे कोण. तांबूस रंगाची, बारीक कंबर, पाय लोंबकळत उडणारी आणि उघडं, खालून सगळी भोकं दिसणारं राखाडी पोळं करणारी ती आपली नेहमीची गांधीलमाशी. मातीची लहान मडकी भिंतीला चिकटवते ती कुंभारीण, ती एकटी राहते आणि मुठीत धरल्याशिवाय सहसा चावत नाही, तिला मारायचं काही कारणच नाही. फक्त ड्रिपची नळी उघडी टाकली की ती त्यात मातीचा बूच बसवते, तेवढं एंड कॅप लावून टाकायचं. तिसरी ती मोठी, काळपट, पोटावर रुंद पिवळा पट्टा असलेली, पोकळ झाडात नाहीतर जमिनीखालच्या बिळात राहणारी. तिच्या नादाला स्वतः लागू नका, जाणता माणूस बोलवा. आणि झाडाला, टाकीला, कड्याला लटकणारं आग्या मोहोळ ही मधमाशी, तिचा इथं काही संबंध नाही, पण पेपरात बातमी आग्या मोहोळाची आली की दुसऱ्या दिवशी गावात गांधीलमाशीची पोळी जाळायला सुरुवात!

आता नेहमीची गांधीलमाशी बागेत करते काय ते एकदा उभं राहून बघा. माझ्या फ्लॉवरच्या गड्ड्यावर एक आली, पानाच्या कडेकडेनं चालत गेली आणि हिरवी अळी सापडल्यावर मानेपासून धरली. अळी तिच्यापेक्षा जड, उचलेना. मग तिनं तिथंच बसून अळी सोलली, आतलं पाणी सांडलं, चावून चावून मऊ गोळी केली आणि ती घेऊन गेली, थोड्या वेळानं उरलेल्या तुकड्यासाठी बरोबर त्याच पानावर परत. ही गोळी पोळ्यातल्या पिल्लांना जाते, मोठ्या माशा स्वतः फुलातला रस पितात. पोळं भरात असलं की दिवसभर ही ने-आण चालू. फवारणीच्या दुकानदाराला हे सांगून काय उपयोग म्हणा. खोटं सांगत नाही, ती चांगली अळी वाईट अळी असा भेद करत नाही, फुलपाखराची पण नेते. पण कोबी, फ्लॉवर, मिरची लावलेल्या माणसानं तिला शत्रू समजावं असं मला तरी वाटत नाही.

आणि तिची भावकी तर आपण पैसे देऊन आणतो की! उसाच्या खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड, म्हणजे मित्रकीटकाची पिल्लं आत वाढत असलेली अंडी चिकटवलेला कागद, लावतो त्यातून निघते ती ट्रायकोग्रामा म्हणजे गांधीलमाशीच्याच मोठ्या खानदानातली, मिलिमीटरच्या आतली माशी, ती किडीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. 2002 साली आपल्या सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला तेव्हा पुढं जे मित्रकीटक कामाला आले त्यात एन्कार्सिया म्हणून असलीच एक बारीक माशी होती. पपईवरच्या पिठ्या ढेकणासाठी 2010 मध्ये सरकारनं परदेशातून मागवली तीही यातलीच. तुम्ही पोळ्यावर म्हणून जहाल औषध मारता तेव्हा आजूबाजूच्या या सगळ्या पण जातात, वर फुलावर आलेल्या मधमाश्या जातात त्या वेगळ्याच.

कीर्तनात आपण ऐकतोच की कुंभारीण अळीला घरात कोंडते, तिच्याभोवती गुणगुणते आणि ध्यानानं अळीचीच माशी होते. दृष्टांत गोड आहे. खरी गोष्ट अशी की ती घरात अंडं घालते, अळीला डंख मारून लुळी करून आत कोंडते आणि बाहेर पडते ते अळी खाऊन मोठं झालेलं तिचं स्वतःचं पोर. असो.

मुद्द्याचं बोलतो. इंटरनेटवर सगळे सल्ले परदेशातले, तिकडं थंडीत सगळं पोळं आपोआप मरतं आणि नुसत्या राण्या उरतात, म्हणून थांबा म्हणतात. आपल्याकडं तसं नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी आपल्या भागातल्या तांबूस गांधीलमाशीवर कित्येक वर्षं काम केलंय, तिची पोळी वर्षभर चालू असतात, कधी एकटी माशी सुरू करते कधी चार-पाच मिळून. त्यामुळं थांबून काही होत नाही, नजर ठेवावी लागते.

पोळं आंब्याच्या शेंड्याला, कुंपणाच्या कडेला असंल तर ठेवा की, माझी तशी आहेत. दारावर, नळाजवळ, लेकरं खेळतात तिथं आणि पॉलीहाऊसमध्ये हात वर करून बांधणी करतो त्या तारेवर मात्र नको. तिथं आठवड्यातून एकदा मान वर करून पायपाखालनं चालत जायचं. एका देठाला लटकलेली चार-सहा घरं आणि त्यावर एकच माशी दिसली की ती चरायला गेल्यावर लांब बांबूनं पाडायचं, पुन्हा केलं तर पुन्हा पाडायचं, कंटाळून जागा बदलते. पायपांची उघडी तोंडं बुचानं बंद करा, बाजूच्या खिडक्यांना आणि वरच्या हवेच्या जागेला 40 मेशची बारीक जाळी, दाराला दोन पडदे. उन्हाळ्यात त्या फॉगरच्या, म्हणजे धुक्यासारखं बारीक पाणी उडवणाऱ्या नळ्यांच्या, पाण्यासाठी आत घुसतात, तर बाहेर लांब सावलीत एक परात पाणी आणि त्यात चार दगड ठेवले की निम्मा ताप कमी होतो. कागदी पिशवी फुगवून खोटं पोळं म्हणून टांगा असं एक सांगतात. मी टांगली, त्या पिशवीच्या शेजारीच त्यांनी नवीन घर काढलं.

पोळं मोठं झालं असंल आणि काढायचंच असंल तर रात्री, अंगभर कपडे, रेनकोट, डोक्याला टोपीवरून मच्छरदाणी, बॅटरीला लाल कागद कारण लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही. हातपंपात पाणी आणि भांड्याचा साबण, लांबून जोरात धार. साबणाचं पाणी त्यांच्या अंगावरच्या श्वासाच्या छिद्रात शिरतं, काम होतं आणि पिकावर विष राहत नाही, सकाळी पानं साध्या पाण्यानं धुवा. शिडीवर चढून हे करू नका. पलिता तर नकोच नको, वरचा प्लास्टिक कागद आणि शेडनेट कसं पेट घेतं ते ज्यानं बघितलंय त्याला विचारा.

द्राक्षवाल्यांसाठी एक. चांगला मणी ती सहसा फोडत नाही, बुलबुलानं टोचलेल्या नाहीतर तडकलेल्या मण्यावर बसते. फुटके मणी रोज काढले, खाली पडलेले गाडले आणि घड कागदात झाकले की गर्दी राहत नाही. घड झाकायला आम्ही तुमचाच पेपर वापरतो, राग मानू नका.

चावली तर चुना, लोखंड, हळद असलं काही घासत बसू नका. साबणानं धुवा, बर्फ लावा. मधमाशीसारखा काटा आत राहत नाही त्यामुळं ती पुन्हा पुन्हा चावू शकते, म्हणून आधी तिथनं लांब व्हा. तोंड-ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, दम लागला, चक्कर आली किंवा तोंडात-घशात चावली तर सरळ दवाखाना, वाट बघायची नाही.

तुमच्याकडं एक विनंती, शेतीच्या पानावर या चौघींचे फोटो शेजारी शेजारी एकदा छापा, कोणती कोण ते लिहून. रंगीत पानावर घ्या, काळ्या-पांढऱ्यात पिवळा पट्टा दिसत नाही.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. तासगाव, जि. सांगली