एनडब्ल्यू-२ मध्ये पाणी मुरते कुठे?

संपादक महाशय,

आपल्या रविवार पुरवणीतील अमेरिकी रेल्वे यार्डांवरच्या लेखात ‘एनडब्ल्यू-२’ हे डिझेल शंटिंग इंजिन (यार्डात डबे हलवणारे) ९०० अश्वशक्तीचे असल्याचे छापले आहे. ते १००० अश्वशक्तीचे. घोळ कशामुळे झाला हे उघड आहे. ते बांधणाऱ्या इलेक्ट्रो-मोटिव्ह कंपनीच्या (पुढे ईएमडी) जुन्या नामपद्धतीत ‘एस’ म्हणजे ६०० अश्वशक्ती, ‘एन’ म्हणजे ९००. ‘सी’ म्हणजे ओतीव चौकट, ‘डब्ल्यू’ म्हणजे वेल्डिंगने जोडलेली. आत विंटन बनावटीचे डिझेल यंत्र असलेल्या आधीच्या एनडब्ल्यूला ही अक्षरे नेमकी बसत. पुढे आतले यंत्र म्हणून बारा सिलिंडरचे नवे ‘५६७’ इंजिन आले, ताकद वाढली, पण नावातले ‘एन’ तसेच राहिले.

इलिनॉयमधील ला ग्रेंज येथे फेब्रुवारी १९३९ ते डिसेंबर १९४९ या काळात अशी १,१४५ इंजिने बांधली गेली. युनियन पॅसिफिक, सांता फे, बर्लिंग्टन, ग्रेट नॉर्दर्न, सदर्न, पेनसिल्व्हेनिया अशा मोठ्या रेल्वेंनी ती घेतली. शिकागोच्या इंडियाना हार्बर बेल्टनेही घेतली, आणि तिचे तर कामच या मोठ्या रेल्वेंच्या वाघिणी एकमेकींकडे पोचवण्याचे. या खरेदीमागचा हिशेब सरळ होता. पहिल्या महायुद्धाच्या वेळच्या प्रमाणित ०-६-० (सहा चालक चाकांच्या) वाफेच्या शंटिंग इंजिनाची ओढ सुमारे ३९,१०० पौंड होती. एनडब्ल्यू-२ चे वजन सुमारे २,४८,००० पौंड आणि ते सगळे चालक चाकांवर. २५ टक्के पकड धरली तरी सुरुवातीची ओढ ६२,००० पौंड होते. शिवाय राख काढणे नाही, पाणी भरायला फेऱ्या नाहीत, दर महिन्याला बॉयलर धुणे नाही. यार्ड तिन्ही पाळ्या चालते, आणि हे इंजिन तिन्ही पाळ्यांत जागेवर हजर असे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शंटिंग इंजिने प्रामुख्याने ॲल्को आणि बाल्डविन या दुसऱ्या इंजिन-कंपन्यांकडून घ्यावी लागली, कारण ईएमडीला मालगाडीच्या इंजिनांवर भर द्यायला सांगितले होते. त्याच काळातल्या ॲल्को एस-२ ची ताकदही १००० अश्वशक्तीच. लेखात दोन्ही एकाच मापाने मोजली आहेत, ते मात्र पटत नाही. एस-२ चे सहा सिलिंडरचे ५३९ इंजिन चार फेरींचे (फोर-स्ट्रोक) आणि टर्बोचे, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून हवा आत दाबणाऱ्या पंख्याचे. टर्बो वेग धरेपर्यंत काळा धूर सोडणारे. ५६७ दोन फेरींचे (टू-स्ट्रोक), हवा इंजिनानेच फिरणाऱ्या रूट्स ब्लोअरची. दोघांची दुखणीही वेगळी.

‘ही इंजिने मजबूत होती म्हणून टिकली’ हे लेखातले वाक्य अर्धेच खरे आहे. ५६७ च्या सुरुवातीच्या ‘ए’ आणि ‘बी’ प्रकारांत थंड करण्याचे पाणी क्रँककेसमध्येच (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यात) बांधलेल्या पोकळीतून लायनरभोवती (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याभोवती) खेळते. पाणी अडवायचे ते लायनरवरच्या रबरी कड्यांनी. उष्णतेने कडी कडक झाली किंवा पोकळीच्या वेल्डला बारीक चीर गेली, की पाणी आधी एअरबॉक्समध्ये (सिलिंडरभोवतीच्या हवेच्या कप्प्यात) आणि मग तेलात उतरते. तेल दुधाळ दिसू लागले तर बेअरिंगची घटका भरत आली म्हणून समजावे. नुसते तेल बदलून उपयोग नाही. गळती कुठल्या सिलिंडरची आहे ते शोधावेच लागते. ‘सी’ प्रकारात प्रत्येक लायनरला स्वतंत्र नळीने पाणी दिले आणि क्रँककेस कोरडी ठेवली. त्यामुळे अनेक कारखान्यांनी जुन्या क्रँककेसमध्ये ‘सी’ पद्धतीचे लायनर आणि नळ्या बसवल्या. अशी इंजिने ‘एसी’ किंवा ‘बीसी’ म्हणून ओळखली जातात. टिकण्याचे खरे कारण हे. क्रँककेस, चौकट, मोटरी जागेवर राहतात आणि दुखणारा भाग तेवढा बदलता येतो.

संग्रहालयातले असे इंजिन बरेच दिवस उभे राहिल्यावर थेट सुरू करणे धोक्याचे. आधी पाण्याची काच, लूब ऑइलची पट्टी आणि गव्हर्नरचे (वेग राखणाऱ्या यंत्रणेचे) तेल पाहावे. मग बाराही सिलिंडरचे टेस्ट कॉक (तपासणीच्या तोट्या) उघडून इंजिन हाताने, लोखंडी बारने फिरवावे. दोन फेरींचे असल्याने एक पूर्ण फेरा पुरतो. ॲल्कोला दोन लागतात. एखाद्या कॉकमधून पाणी उडाले तर तिथेच थांबावे. पिस्टनवर साचलेले पाणी दाबले जात नाही, आणि बॅटरीवर जनरेटरने इंजिन फिरवले की कनेक्टिंग रॉड वाकतो. कॉक बंद करून मगच सुरू करायचे. या इंजिनांच्या पाण्यात गोठणरोधक द्रव घालत नसत, तो गळून तेलात गेला तर बेअरिंगचे नुकसान होते. म्हणूनच हिवाळ्यात ही इंजिने यार्डात रात्रभर चालू ठेवत. बंदच करायचे असेल तर सगळे पाणी सोडावे, आणि कॅबमधल्या हीटरची नळी विसरू नये.

मालकांबाबतही एक दुरुस्ती. लेखातील छायाचित्राखाली फक्त ‘कॉनरेल’ या रेल्वेचे नाव लिहिले आहे, पण कॉनरेल १९७६ साली सुरू झाली, तिने ही इंजिने नवी घेतलेली नाहीत. पेनसिल्व्हेनियाची इंजिने १९६८ साली विलीनीकरणातून झालेल्या पेन सेंट्रलकडे गेली आणि तिथून कॉनरेलकडे. बर्लिंग्टन आणि ग्रेट नॉर्दर्नची १९७० साली बर्लिंग्टन नॉर्दर्नकडे आली. इलिनॉय सेंट्रल गल्फ रेल्वेने तर आपल्या पडुका कारखान्यात जुनी ईएमडी शंटिंग इंजिने नव्याने बांधून ‘एसडब्ल्यू-१४’ नाव दिले. ५६७ च्या सिलिंडरचा व्यास साडेआठ इंच, ईएमडीच्या पुढच्या ६४५ इंजिनाचा नऊ पूर्णांक एक सोळांश इंच. पिस्टनची धाव (स्ट्रोक) दोन्हींची दहा इंच. त्यामुळे ‘सी’ क्रँककेसमध्ये ६४५ चे सिलिंडर-संच बसतात. याच वंशातले ७१० इंजिन आपल्याकडे भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीजी-४ आणि डब्ल्यूडीपी-४ या डिझेल लोकोंमध्ये आहे.

रंग आणि क्रमांक मालकाबरोबर बदलतात. छायाचित्रावरून खात्री करायची असेल तर कॅबखाली चौकटीवरची कारखान्याची पाटी पाहावी. बांधणीचा क्रमांक आणि महिना तिथे मिळतो. पाटी नसेल तर धुरांडी मोजावीत: ६०० अश्वशक्तीच्या एसडब्ल्यू-१ ला एक, एनडब्ल्यू-२ ला दोन. आपल्या छायाचित्रात एकच दिसते.

— एक निवृत्त डिझेल लोको कर्मचारी, पुणे