ओमू, तुझ्या गोधडी स्पेलबद्दल

प्रिय ओमू,

डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळासाठी तू लिहिलेला गोधडी हा स्पेल, म्हणजे मंत्र, वाचला. तू म्हणालास आई फक्त बॅलन्स बघ, म्हणजे खेळात तो फार भारी किंवा फार धोक्याचा तर होत नाही ना, बाकी काही बोलू नको, म्हणून बॅलन्सवरच लिहितेय. तापाबद्दल एक अक्षर काढणार नाही. रूममेटकडून कळलं एवढंच सांगते आणि सोडते.

तर. दुसऱ्या लेव्हलचा स्पेल, तासभर चालणार, साठ फुटांत जेवढे मित्र असतील त्या सगळ्यांचा मार कास्टरवर, म्हणजे स्पेल टाकणाऱ्यावर. कॉन्सन्ट्रेशन नाही, म्हणजे मार बसला तरी स्पेल सुटायची भीती नाही, आणि लिमिट नाही. कल्पना फार सुंदर आहे रे. मटेरियल कंपोनंट, म्हणजे स्पेल टाकताना लागणारी वस्तू, म्हणून जुन्या लुगड्याचा तुकडा लिहिलायस ते मी आजींना वाचून दाखवलं, त्यांनी लगेच विचारलं कुठलं लुगडं, ते हिरवं का.

पण हिशोब कर. खेळातला तुझा क्लेरिक, म्हणजे पुरोहित, पाचव्या लेव्हलचा, एचपी, म्हणजे अंगातला जीव, ३८. समोरून फायरबॉल आला, ८डी६, म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८. तीन मित्र सेव्हमध्ये, म्हणजे मार निम्मा करायच्या फाशात, नापास झाले की तुझ्यावर ८४, तुझे स्वतःचे वेगळेच. पहिल्याच राउंडला तू आडवा. मग तुला उठवणार कोण? रिव्हिव्हिफायला, म्हणजे मेलेल्याला उठवायच्या स्पेलला, ३०० गोल्डचे हिरे पाहिजेत, तेही मेल्यापासून एका मिनिटाच्या आत, आणि तो स्पेल येणारा तुमच्या खेळातल्या पार्टीत तू एकटाच. ताप अंगात घेऊन त्या नवीन पोराला आणायला शिकागोपर्यंत गाडी चालवत गेलास तेव्हा तुझ्याबरोबर कोण होतं?

असो. वॉर्डिंग बाँड हा पुस्तकातला स्पेल परत वाच. तोही दुसऱ्याच लेव्हलचा, काम बरंचसं हेच, पण किती आवरून लिहिलाय बघ. एकच मित्र, त्याला मार निम्मा, तेवढाच तुला, साठ फुटांपेक्षा लांब गेलात की संपला आणि तू शून्यावर आलास तरी संपला. ज्याने कोणी लिहिला त्याने देणाऱ्याचाही विचार केलाय. तू कॉन्सन्ट्रेशन टाकच, म्हणजे दर फटक्याला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे तग धरायचा फासा, डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १० किंवा डॅमेजच्या निम्मा, जो जास्त असेल तो, २८ ला १४. मोठा फटका बसला की गोधडी सुटू शकते, आणि सुटू दे. शिवाय कास्टरला एखादा मार नको म्हणता यावा. हे स्पेलमध्येच लिही, टेबलवर बघू असं नको.

२०१९ च्या पुरात तू अकरावीत होतास. कंबरभर पाण्यातून शेजारच्या काकूंच्या गोळ्यांची पिशवी डोक्यावर धरून नेलीस, मग चिनूला खांद्यावर घेऊन गेलास, मग परत त्या मांजरासाठी आलास. मी गच्चीवरून ओरडत होते आणि ओरडता ओरडता वाटत होतं, हा माझा मुलगा. रात्री अंग तापलं तर चिनूला दम दिलास, आईला सांगू नको म्हणून. तेव्हा निदान एका घरात होतो, झोपलास की कपाळाला हात लावून बघता यायचं. आता तू तिकडे अमेरिकेत, मॅडिसनला, मी इथून काय करू? सगळ्यांचं सगळं करतोस ते चांगलंच आहे, तसंच वाढवलंय आम्ही, पण स्वतःला काही होतंय हे सांगायला तुला इतकं जड का जातं, जेवण धड नाही, झोप नाही, वर थंडीत...

लेक्चर झालं. सॉरी बाळा. बॅलन्सवरच लिहायचं होतं.

बाबांनी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय की १९७४ ला गॅरी गायगॅक्सनी जिथून हा गेम छापला ते लेक जिनिव्हा आमच्या ओमूच्या राज्यातच, विस्कॉन्सिनमध्ये आहे, आणि ओमू आता त्यात स्वतःचा स्पेल लिहितोय. कोणाला काही कळलं नाही, तरी सांगत होते.

नवीन व्हर्जन पाठव, रात्री बघते. लुगड्याचा तुकडा वापरला की संपतो असं मात्र लिहू नको, तो राहू दे. क्रोसिन निळ्या पाऊचमध्ये आहे, दोन डोसांत सहा तास जाऊ देत, रिकाम्या पोटी नको. आणि ताप १०२ च्या वर गेला तर इकडे किती वाजलेत ते बघत बसू नको, फोन लाव.

आई