खोकल्याचीही नोंद हवी

फुफ्फुसांत तंतुमय ऊती वाढवत नेणाऱ्या फायब्रोसिसवर श्वासावाटे द्यायच्या औषधाच्या चाचणीसंबंधीचा आपल्या अंकातील लेख वाचला. पिरफेनिडोन आणि निन्टेडानिब या पोटातून घ्यायच्या औषधांना अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली. ती फुफ्फुसांची घसरण मंदावतात, पण झालेली हानी भरून काढत नाहीत, आणि मळमळ व जुलाब यांमुळे अनेकांना सोडून द्यावी लागतात. औषध थेट फुफ्फुसांत पोहोचवल्यास हा त्रास कमी व्हावा, ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र लेखाचा सारा भर एफव्हीसीवर, म्हणजे छातीभर श्वास घेऊन जोराने सोडलेल्या हवेच्या मापावर आहे. माझ्या वडिलांना हा आजार होता. शर्टाची तीन बटणे लावली की ते पलंगाच्या कडेवर टेकत, आणि कोरडा खोकला त्यांना वाक्य पुरे करू देत नसे. श्वासावाटे घेतलेल्या औषधाने, किंबहुना औषध नसलेल्या नुसत्या फवाऱ्यानेही, खोकला उसळू शकतो. म्हणून औषध घेणाऱ्या आणि नुसता फवारा घेणाऱ्या अशा चाचणीतील दोन्ही गटांतील खोकल्याची तीव्रता आणि त्यापायी चाचणी अर्धवट सोडणाऱ्यांची संख्या मुख्य निष्कर्षाशेजारीच छापली जावी, परिशिष्टात ढकलली जाऊ नये.

– एक वाचक