परवाना मिळाला, पुढे प्रशिक्षणाचे काय?

संपादक महोदय,

शस्त्र नियम, २०१६ मध्ये परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याकरिता शस्त्रसुरक्षेच्या प्राथमिक प्रशिक्षणाची तरतूद आहे आणि ती योग्यच आहे. परंतु स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणाऱ्याला तेवढ्यावर सक्षम मानणे मला धोक्याचे वाटते. प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने व्हायला हवे. नवख्याने आधी नळी सदैव सुरक्षित दिशेला ठेवणे, नेम धरेपर्यंत बोट चापापासून दूर ठेवणे आणि शस्त्र रिकामे असल्याची खात्री करणे अंगवळणी पाडावे. त्यानंतरच होल्स्टरमधून (पिस्तूल अंगावर बाळगण्याच्या म्यानातून) पिस्तूल काढणे, मॅगझिन (काडतुसांची पेटी) बदलणे, अडकलेले काडतूस मोकळे करणे यांकडे वळावे.

सर्वांत वरचा टप्पा मात्र वेगाचा नसून निर्णयाचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा अधिकार दिला असला, तरी गरजेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही, आणि गोळी कधी झाडू नये हे स्थिर लक्ष्यावर नेम साधून कळत नाही. त्यासाठी प्रसंग उभे करून, अनुभवी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करावा लागतो.

गोव्यातील सत्तरी, सांगे भागांत रानडुकरांपासून पिकाच्या रक्षणासाठी बंदुका बाळगणारे शेतकरीही आहेत. त्यांची गरज वेगळी असली, तरी पहिला टप्पा त्यांनाही तितकाच आवश्यक आहे. गोवा पोलिसांनी राज्यभर असे श्रेणीबद्ध वर्ग माफक शुल्कात सुरू करावेत आणि परवान्याचे नूतनीकरण करताना उजळणीचा आग्रह धरावा, ही विनंती.

– एक वाचक, वाळपई