पेशीचा धडा इन्सुलिनवरून शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नववीच्या सायन्सला पेशीचा धडा असतो आणि अकरावीच्या बायोलॉजीत तोच जरा मोठा होऊन परत येतो, पण दोन्हीकडे मुलांच्या हाताला लागतं ते एक टेबल. डावीकडे नाव, उजवीकडे काम. मायटोकाँड्रिया पॉवरहाऊस, लायसोसोम सुसाइड बॅग, रायबोसोम प्रोटीन फॅक्टरी, गॉल्जी म्हणजे पॅकिंग, झालं. मी डिचोलीत ट्यूशन घेते, माझ्याकडे येणाऱ्या पोरांना हे टेबल झोपेतून उठवून विचारलं तरी येतं, पण रायबोसोमने केलेलं प्रोटीन पुढे जातं कुठे असं विचारलं की सगळे गप्प. टीचर हे विचारतात का परीक्षेत, असं उलट मलाच विचारतात. त्यांचं काय चुकलं, खरंच कोणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं आहे की निदान आपल्या गोव्यात तरी हा धडा इन्सुलिनवरून शिकवावा. २०२३ साली आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) देशभरचा मधुमेहाचा सर्वे छापून आला त्यात गोवा सगळ्या राज्यांच्या वर होता, २६.४ टक्के. म्हणजे वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी फ्रिजच्या दारात इन्सुलिनचं पेन असतं, आजीच्या गोळ्यांच्या डब्यात ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी असते, आणि त्याच मुलाला पुस्तकातली पेशी मात्र कुठल्यातरी परग्रहावरची वाटते.

इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं एक प्रोटीन, बघा ते कसं तयार होतं. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीच्या केंद्रकात ११ नंबरच्या गुणसूत्रावर त्याचा जीन असतो, त्याची आरएनए कॉपी केंद्रकाच्या पडद्यातल्या छिद्रातून बाहेर येते, रायबोसोम ती वाचायला लागतो. आता इथे खरी गंमत आहे. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची साखळी, तिची पहिली २४ अमिनो आम्लं म्हणजे नुसता पत्ता असतो, तो दिसला की चालू काम घेऊन अख्खा रायबोसोमच एंडोप्लाझमिक रेटिक्युलम (ईआर) या पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याला जाऊन चिकटतो आणि साखळी तयार होता होता आत सरकत जाते. रफ ईआर रफ का दिसतो ते हे, रायबोसोम तिथे कायमचे खिळे मारून बसवलेले नसतात. हा पत्ता शोधून काढला ग्युंटर ब्लोबेल यांनी, १९९९ चं नोबेल त्याच शोधाला मिळालं. आत गेल्यावर पत्ता कापला जातो, ८६ अमिनो आम्लांची साखळी उरते, तिची घडी पडते, गंधकाचे तीन टाके बसतात, आणि घडी चुकली तर तो माल बाहेर ओढून मोडून टाकला जातो.

मग पुटिका म्हणजे पडद्याच्या छोट्या पिशव्यांतून गॉल्जी, आणि गॉल्जीतून साठवणीच्या कणांत. कणाच्या आतलं वातावरण आम्लधर्मी होत जातं आणि तिथली एन्झाइम्स मधला ३१ अमिनो आम्लांचा तुकडा कापून काढतात, जोडावरची चार पण जातात, राहतं ते ५१ चं इन्सुलिन, २१ ची एक साखळी नि ३० ची दुसरी. ते झिंकबरोबर सहा-सहाच्या गटाने स्फटिक होऊन साठून राहतं. आणि तो कापलेला तुकडा? तोच सी-पेप्टाइड! लॅबच्या रिपोर्टवर लोक सी-पेप्टाइड वाचतात आणि पैसे भरून येतात, पण एक सी-पेप्टाइड म्हणजे एक इन्सुलिन तयार झालं हा हिशोब कोणी समजावून सांगत नाही. इंजेक्शनच्या इन्सुलिनमधे हा तुकडा नसतो, म्हणून इंजेक्शन चालू असलेल्या माणसाचं स्वतःचं स्वादुपिंड अजून किती काम करतंय ते डॉक्टरांना त्यावरून कळतं. नववीच्या मुलाला हे समजतं, मी सांगून बघितलंय, आणि त्यानंतर गॉल्जी म्हणजे काय ते त्याला पाठ करावं लागत नाही.

आता मायटोकाँड्रिया. जेवल्यावर रक्तात साखर वाढली की ती बीटा पेशीत शिरते, मायटोकाँड्रियात त्यापासून एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, बनतं, एटीपी वाढलं की पेशीच्या पडद्यावरचं पोटॅशियमचं दार बंद होतं, मग कॅल्शियम आत येतं आणि ते साठवलेले कण पडद्याला मिळून रिकामे होतात. म्हणजे इथे मायटोकाँड्रिया साखर मोजायचं पण काम करतो, पॉवरहाऊस एवढं लिहून सोडून दिलं तर हे सगळं गळून जातं. आजीची ग्लिमेपिराइडची गोळी तेच पोटॅशियमचं दार बंद करते. आणि आतल्या पडद्याला एवढ्या घड्या का, तर त्या पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन ढकलून साठवायचे आणि परत येताना त्यांच्याकडून एटीपी बनवून घ्यायचं, पडदा जेवढा जास्त तेवढी यंत्रं जास्त. पीटर मिचेल यांनी १९६१ मधे हे मांडलं तेव्हा फारसं कोणी मानलं नाही, १९७८ ला नोबेल मिळालं.

लायसोसोमला सुसाइड बॅग म्हणणं तर मला अजिबात पटत नाही. न वापरलेले जुने इन्सुलिनचे कण मोडून त्यातला माल परत वापरात आणणं हे त्याचं रोजचं काम आहे. शिवाय आतला पीएच पाचच्या आसपास आणि बाहेर सातच्या वर, त्यामुळे एखादा फुटला तरी त्यातली एन्झाइम्स बाहेर नीट चालतच नाहीत.

मुलं विचारतात बॅक्टेरियात हे काहीच नाही मग त्यांच्याकडून इन्सुलिन कसं करून घेतात, १९८२ पासून तर तसंच येतंय. प्रश्न एकदम बरोबर आहे. बॅक्टेरियात ईआर नाही, गॉल्जी नाही, म्हणून साखळी तयार होते पण नीट घडी पडत नाही, ती नंतर कारखान्यात पाडून घ्यावी लागते. यीस्ट आपल्यासारखंच केंद्रकवालं, त्याच्याकडे ईआर-गॉल्जी दोन्ही आहेत, ते घडी पाडूनच बाहेर सोडतं. प्रोकॅरिओट (केंद्रक नसलेले) आणि युकॅरिओट (केंद्रकवाले) यांच्यातला फरक सांगायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

वनस्पतीची पेशी मात्र डोळ्यांनी दाखवायलाच हवी, आणि त्यासाठी खर्च नाही. रिओचं झाड आपल्याकडे निम्म्या अंगणांत असतं, पानाच्या जांभळ्या बाजूची पातळ साल काढायची, पाण्याच्या थेंबात स्लाइडवर ठेवायची. बहुतेक पेशी काठोकाठ जांभळ्या दिसतात, तो रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या मोठ्या पिशवीत असतो. मग कडेने मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि डोळा काढायचा नाही. थोड्या वेळात जांभळा रंग कोपऱ्यांतून सुटायला लागतो, आकसून मधे गोळा होतो आणि बाजूची पेशीभित्तिका रिकामी, स्वच्छ दिसायला लागते. साधं पाणी घातलं की परत भरतो. घरच्या घरी तांबडी भाजी पण चालेल, कच्ची पानं गार पाण्यात ठेवली तर पाणी जवळपास तसंच राहतं, उकळली की लाल होतं, कारण रिक्तिकेचा आणि पेशीचा पडदा उष्णतेने फाटतो. हिरवा रंग मात्र पाण्यात उतरत नाही, हरितलवकातलं हरितद्रव्य पाण्यात विरघळणारं नाही. हे सोडून आपण मुलांना थर्माकोलचं मॉडेल करायला लावतो, ते बहुतेक आईबाप रात्री जागून करतात आणि शाळेचा मायक्रोस्कोप कपाटात राहतो. एका शाळेत तर तो फक्त इन्स्पेक्शनला बाहेर काढतात असं मुलांनीच मला सांगितलं, फार वाईट वाटलं.

बोर्डाकडे आणि सायन्सच्या शिक्षकांकडे माझी मागणी छोटी आहे. "अंगकांची (म्हणजे पेशीतल्या या भागांची) कार्ये लिहा" हा प्रश्न एखाद्या वर्षी बाजूला ठेवा आणि त्या जागी विचारा, जीनपासून रक्तात जाईपर्यंत इन्सुलिन कुठून कुठून जातं आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं काय होतं. प्रश्न बदलला की शिकवणं आपोआप बदलेल, हा माझा ट्यूशनचा अनुभव आहे. आणि तुम्हाला विनंती, रविवारच्या पुरवणीत बीटा पेशीचं एक मोठं चित्र या वाटेसकट मराठीत छापा, इंग्लिश मीडियमची पोरं पण ते कापून वहीत चिकटवतील आणि घरात शुगर असलेली मोठी माणसं पण वाचतील.

आपली,
एक ट्यूशन टीचर, डिचोली