सूचना : कौशल्य-नोंदवही जमा करण्याबाबत

चित्रपटनिर्मिती वर्गाच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सत्र संपण्यापूर्वी प्रत्येकाने आत्मसात केलेल्या कौशल्यांची नोंदवही समन्वयकांकडे जमा करावी. ‘छायाचित्रण शिकलो’ असे मोघम न लिहिता, सेकंदाला 24 फ्रेम असताना शटरचा वेग 1/48 सेकंदाच्या आसपास का ठेवला, संवादाच्या प्रसंगात 180 अंशांची रेषा (दोन पात्रांना जोडणारी काल्पनिक रेषा, जिच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवतात) कशी सांभाळली, हे प्रत्यक्ष कामाच्या आधारे लिहावे. ध्वनीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, म्हणून आग्रहाने सांगावेसे वाटते की, चित्रीकरण आटोपल्यावर सर्वांना स्तब्ध ठेवून त्या खोलीची शांतता अर्धा मिनिट ध्वनिमुद्रित केली असल्यास तीही अवश्य नोंदवावी. संकलनात संवादांमधल्या रिकाम्या जागा तिनेच भरून निघतात. सहकाऱ्याचे काम स्वतःच्या नावे दाखवू नये.

– समन्वयक