चि. ताईस, आल्प्सच्या प्रवासाबद्दल

लोणावळा

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला प्रवासाचा तक्ता मी आणि तुझ्या आईने दोनदा शांतपणे वाचला. दहा दिवसांत झुरिच, लुत्सर्न, इंटरलाकेन, त्सरमाट, मिलान, व्हेनिस आणि साल्झबर्ग अशी सात गावे बसवताना तू किती रात्री जागली असशील, हे समजते. आम्हाला जमेल तेवढे सगळे दाखवावे ही तुझी मायाही त्यात दिसते. तरीही तो तक्ता बाजूला ठेवून प्रवास नव्याने आखावा, असे मला मनापासून वाटते.

तू चार वर्षांची असताना आपण दक्षिणेत नऊ दिवसांत सहा गावे केली होती. त्या प्रवासातले आज काय आठवते, असे मी काल तुझ्या आईला विचारले. रोज पहाटे बॅगा भरणे आणि रोज संध्याकाळी त्या उघडणे, एवढेच तिला आठवले. मंदिरे सगळी एकमेकांत मिसळून गेली आहेत. आता तिच्या गुडघ्यांची अवस्था तुला ठाऊकच आहे. म्हणून माझी पहिली अट अशी, की एका गावी किमान दोन रात्री मुक्काम असावा. अपवाद असलाच तर एखादाच.

दुसरी गोष्ट मी जन्मभर घाटात आगगाडी चालवलेला माणूस म्हणून सांगतो. झुरिचहून मिलानला जाणारी वेगवान गाडी २०१६ साली सुरू झालेल्या गोटहार्डच्या ५७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून जाते. बांधकाम म्हणून त्या बोगद्यापुढे मी हात जोडतो. पण आल्प्स पाहायला आलेल्या माणसाने आल्प्सच्या पोटातल्या अंधारात वीस मिनिटे बसून पलीकडे निघण्यात काय मिळवले? ब्रेनर खिंडीच्या खालीही ५५ किलोमीटरचा बोगदा खणला जात आहे. तो सुरू झाला, की म्युनिक-व्हेरोना गाड्याही जमिनीखालून जाऊ लागतील. आज त्या खिंडीवरून चढून जातात, म्हणून आपण आजच जावे. आपला मार्ग तीन जुन्या घाटांवरून असावा: आर्लबर्ग, बेर्निना आणि ब्रेनर. तुझ्या म्युनिकहून निघून म्युनिकलाच परत, असे ते एक वर्तुळ होते, त्यामुळे मोठ्या बॅगा तुझ्या घरी ठेवून प्रत्येकाने एकच लहान बॅग घ्यावी.

पहिला मुक्काम इन्सब्रुक. म्युनिकहून तिथे पोचायला पावणेदोन तास लागतात. दोन रात्री राहून पहिल्या दिवशी फक्त थकवा काढावा, आणि दुसऱ्या दिवशी झाहा हदीद यांनी स्थानके आखलेल्या हुंगरबुर्गच्या दोरगाडीने वर जाऊन गाव पाहावे. तिथून पश्चिमेला निघालेली झुरिचची गाडी आर्लबर्गचा घाट चढते. वाटेत एका जुन्या किल्ल्याशेजारून, दरीच्या सुमारे ८७ मीटर वरून, ट्रिसाना नदीचा पूल लागतो; तो आला की आईला हाक मारण्याचे काम माझे. पुढे दहा किलोमीटरहून थोडा लांब असा १८८४ सालचा बोगदा आहे. तो आखणारे युलियुस लोट आदल्याच वर्षी क्षयाने गेले. ब्रेनरचा मार्ग आखणारे कार्ल फॉन एट्झेल यांनाही १८६७ ची पहिली गाडी पाहायला मिळाली नाही. ते १८६५ साली वारले. मला आपला बोरघाट आठवतो. त्याचे कंत्राट घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येताच आजारी पडून गेले, आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ते काम पुढे नेले. त्या रुळांवरून इतकी वर्षे इंजिन चढवल्यामुळे असेल, पण असे मार्ग पाहताना मला ती माणसे डोळ्यांसमोर येतात.

या गाडीत जागा राखताना एक ध्यानात ठेव. ऑस्ट्रियातून लिख्टेनश्टाइनचा छोटा देश ओलांडून गाडी स्वित्झर्लंडमध्ये बुख्सला पोचते आणि तिथे तिची दिशा उलटते. इन्सब्रुकपासून तोंड पुढे करून बसलेला माणूस त्यानंतर पाठीकडे जाऊ लागतो. आईला उलटे बसले की मळमळते. पण बुख्सहून आपण उतरायचे झारगान्स जवळच आहे, तेव्हा इन्सब्रुकला निघताना तोंड पुढे असेल अशीच जागा घे. झारगान्सला गाडी बदलून वीस-पंचवीस मिनिटांत आपला दुसरा मुक्काम, स्वित्झर्लंडमधले कूर.

कूरला तीन रात्री हव्यात, आणि त्यात एकही कमी करू नकोस. डोंगरातले हवामान आपल्या तिकिटाकडे पाहून चालत नाही. तीन रात्री हाताशी असतील, तर दोन मोकळ्या दिवसांपैकी जो निरभ्र असेल त्या दिवशी बेर्निनाच्या माथ्यापलीकडच्या अल्प ग्रुम स्थानकापर्यंत जाऊन परत येता येईल, आणि ढगाळ दिवस बेर्ग्युनच्या रेल्वे संग्रहालयात आनंदाने जाईल. तू काचेच्या छताच्या खास गाडीचे आरक्षण करायचे म्हणतेस. ते करू नये. त्याच रुळांवरून दर तासाला साधी गाडी धावते, तिला आरक्षण लागत नाही, आणि तिच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. बंद काचेतून काढलेल्या प्रत्येक छायाचित्रात आपलाच चेहरा येतो, आणि आईला तर वारा लागल्याशिवाय गाडीत बसल्यासारखेच वाटत नाही.

या मार्गाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण माझ्या मनात हीच खरी सहल आहे. थुझिसपासून तिरानोपर्यंतचा हा मीटरभर रुंदीचा मार्ग २००८ पासून जागतिक वारशात आहे. फिलिझूरजवळ लांडवासरचा पूल लागतो. तो ६५ मीटर उंच असून वळणावर बांधलेला आहे, आणि पूल संपतो तिथे थेट उभ्या कड्यातला बोगदाच सुरू होतो. बेर्ग्युन ते प्रेडा या टप्प्यात सुमारे ४०० मीटर उंची गाठायची असते आणि दरी तर अरुंद, म्हणून रूळ डोंगराच्या पोटात गोल फिरून वर येतात; एकच चर्च कधी डावीकडे, कधी उजवीकडे आणि दर वेळी जरा खाली दिसत जाते. पुढे बेर्निनाची चढण चौदात एक आहे, म्हणजे चौदा मीटर पुढे गेले की एक मीटर वर. आपल्या बोरघाटात सदतीसात एक, तिथेही कर्जतला गाडीमागे ढकलणारी बँकर इंजिने लावावी लागतात. नेरळ-माथेरानला विसात एक. चौदात एकची चढण दातेरी रुळाशिवाय, केवळ चाकाच्या पकडीवर चढणारी गाडी मला एकदा जवळून पाहायची आहे, आणि हे मी कुणाला सांगितले नव्हते.

माथ्यावरचे ओस्पित्सिओ बेर्निना हे स्थानक २,२५३ मीटर उंचीवर आहे. तिथे रुळांलगत दोन तळी आहेत. काळ्या तळ्याचे पाणी डॅन्यूबमधून काळ्या समुद्राला जाते आणि पांढऱ्या तळ्याचे पो नदीतून एड्रियाटिकला. तिथून चाळीस किलोमीटरच्या आत गाडी ४२९ मीटरवरच्या तिरानोला उतरते. वाटेत ब्रुझिओला उतरण्यासाठी उघड्या मैदानात कमानींच्या पुलाचे पूर्ण वर्तुळ बांधले आहे, आणि गाडी स्वतःच्याच मार्गाखालून बाहेर पडते. तिरानोत तर ती चर्चसमोरच्या चौकातून, रस्त्यातून जाते. तुझ्या तक्त्यातले इंटरलाकेनजवळचे युंगफ्राउयोख हे उंचावरचे स्थानक मात्र रद्द करावे. ३,४५४ मीटर उंची आईच्या रक्तदाबाला झेपणार नाही, आणि त्या एका तिकिटाच्या पैशांत आपले इतर बरेच काही होईल.

तिरानोला एकच रात्र, हाच तो अपवाद. तिथे कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी आणि चीज घालून केलेला पित्सोक्केरी नावाचा पदार्थ मिळतो. तो शाकाहारी आहे आणि पोटभरीचा आहे. पुढे इटालियन गाडीने कोमो सरोवराच्या काठी वारेन्नाला दोन रात्री राहू. तिथली कागदी प्रादेशिक तिकिटे गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावी लागतात, नाहीतर दंड होतो. तिथे होडीने बेल्लाजिओला जाऊन येण्याखेरीज काहीही ठरवू नकोस. मग मिलान आणि व्हेरोना इथे गाड्या बदलत बोल्झानो. हा सर्वांत लांबचा दिवस, तेव्हा दोन्ही ठिकाणी हाताशी एक गाडी राखून वेळ धर. पाच मिनिटांत फलाट बदलणे तुला जमेल. आईला जिना उतरून पुन्हा चढायचा असतो.

बोल्झानोला दोन रात्री. तिथे १९९१ साली हिमनदीत सापडलेला, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हिममानव संग्रहालयात ठेवला आहे. वर रेनोनच्या पठारावर १९०७ पासून धावणारी छोटी गाडी आहे, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीच्याच वयाची. परतीला ब्रेनर खिंड १,३७१ मीटरवर, माथ्यावर बोगदा न खणता ओलांडली आहे. तिथे तारांमधली वीज बदलते. अलीकडे इटलीत तीन हजार व्होल्ट डीसी, पलीकडे ऑस्ट्रियात पंधरा हजार व्होल्ट एसी. पूर्वी इगतपुरीला आम्ही याच कारणाने इंजिने बदलत होतो. तू त्या वेळी झोपली असलीस, तरी मी तुला उठवीन.

आता कामाचे. आम्ही अनंत चतुर्दशीनंतर निघू. त्या सुमारास म्युनिकला ऑक्टोबरफेस्टची गर्दी असेल, म्हणून म्युनिक-इन्सब्रुक आणि बोल्झानो-म्युनिक या दोन गाड्यांची तिकिटे जागांसह लवकर काढ. स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेले असते, तेव्हा कूर-बेर्निनाचे मात्र आधी काढू नकोस. पासचा हिशेब मी करून पाहिला. तू तिथली रहिवासी असल्याने तुला इंटररेल, आम्हाला युरेल, म्हणजे दोन वेगळे पास; आणि आपले टप्पे छोटे असल्याने सुटी तिकिटेच सोयीची वाटतात. तरी चालू दर पाहून तू पुन्हा एकदा पडताळावे.

व्हिसासाठी रात्री मोजल्या. या दहा रात्रींत ऑस्ट्रियात दोन, स्वित्झर्लंडमध्ये तीन आणि इटलीत पाच होतात, आणि तुझ्या घरी बारा. जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, म्हणून आमचा अर्ज जर्मनीकडे जाईल. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून तो घेतात. तुझे निमंत्रणपत्र, घराच्या भाड्याच्या कराराची प्रत आणि सर्व हॉटेलांची रद्द करता येणारी आरक्षणे एवढे मला या महिनाअखेर पाठव. किमान तीस हजार युरोचा प्रवास-विमा मी इथून काढतो.

हॉटेले स्थानकापासून चालत जाता येतील अशी आणि लिफ्ट असलेलीच पाहा; वारेन्नाला स्थानक उंचावर आणि गाव खाली आहे, तिथे विशेष चौकशी कर. आई थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट घेणार आहे. दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, म्हणून तूप राहिले. वारेन्नाच्या खोलीत शेगडी आणि तवा आहे का, हे तिने मुद्दाम विचारायला सांगितले आहे.

तुझे,
बाबा